देवळामागचे कोरीव दगड: जेसीबी यायच्या आधी काय करायचं आणि का

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. माण तालुक्यातलं गाव, मारुतीच्या देवळामागे सात-आठ कोरीव दगड, काही उभे काही आडवे, दोन-तीन दगडांना शेंदूर लावलेला, एकावर शेजारच्या घरचे कपडे वाळत घालतात आणि त्याच दगडावर काहीतरी लिहिल्यासारखं दिसतं. रस्ता रुंद होणार आहे, सरपंच म्हणतायत "दगडच आहेत, टाकू ओढ्याच्या कडेला." आणि तुम्ही विचारलंय की हे खरंच महत्त्वाचे आहेत का, किती जुने असतील, त्यांना काही किंमत येते का, आणि पुरातत्व खात्याला कळवलं तर ते उचलून नेतील का.

फोटो नीट मोठे करून बघितले. त्यातले बरेचसे वीरगळ आहेत, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचे दगड, एक नक्की सतीशिळा आहे, म्हणजे सती गेलेल्या बाईचा दगड, आणि लिहिल्यासारखं दिसतंय त्या दगडाबद्दल फोटोवरून काहीच बोलता येत नाही, त्यावर शेवटी लिहितो. मी बरीच वर्षं सातारा, सांगली, पुणे, सोलापूर या पट्ट्यात गावोगाव जाऊन अशा दगडांच्या नोंदी करतो, त्यामुळे पुढचं सगळं त्या कामातून आलेलं आहे.

आधी एक गोष्ट मोकळी करतो. "महत्त्वाचे आहेत का" हा तुमचा खरा प्रश्न नाहीये, कारण तुम्हाला ते महत्त्वाचे वाटले म्हणूनच तर तुम्ही लिहिलंत. खरे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की दोन्ही बिघडतात. पहिला म्हणजे येत्या काही आठवड्यांत हे दगड जेसीबीखाली फुटू नयेत, हा साधा कागदपत्राचा आणि उचलण्या-ठेवण्याचा प्रश्न आहे. दुसरा म्हणजे रस्ता झाल्यावर पुढची पन्नास वर्षं गावानं ते सांभाळावेत, आणि त्याला कुठलाही अर्ज चालत नाही, त्यासाठी गावाला तो दगड कळावा लागतो. बहुतेक लोक पहिल्यात एवढे धावपळ करतात की दुसरा राहूनच जातो, मग दगड वाचतो आणि चार वर्षांनी त्याच्यावर ऑइल पेंट बसतो.

बरंच काही परिस्थितीवर आहे हेही सांगून ठेवतो. जागा गावठाणाची आहे का देवस्थानची का कुणाच्या गटात येते, रस्ता जिल्हा परिषदेचा आहे का बांधकाम खात्याचा, दगडांची पूजा होते का नाही, कुणा एका घराण्याचा त्यावर मान आहे का, काम पुढच्या आठवड्यात आहे का पावसाळ्यानंतर. तुम्ही यातलं थोडंच लिहिलंय, तेव्हा जे तुमच्याकडे लागू पडत नाही ते सोडून द्या.

आता दगड. वीरगळ बघताना पहिली गोष्ट, तो खालून वर बघायचा. आपली सवय वरून खाली बघायची, त्यामुळे लोकांना आधी वर शिवलिंग दिसतं आणि ते म्हणतात हा महादेवाचा दगड, आणि खाली काय आहे ते कुणी बघतच नाही. साधारण तीन टप्पे असतात, कधी चार. सगळ्यात खाली प्रसंग, म्हणजे तो माणूस कसा मेला ते. त्याच्या वरच्या टप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत, कधी विमान दाखवलेलं असतं. त्याच्या वर तो माणूस शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, पलीकडे पुजारी, कधी नंदी. आणि अगदी माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो.

तुमच्या तिसऱ्या फोटोतला दगड घ्या, ज्याचा वरचा कोपरा उडालाय. त्यात सगळ्यात खाली डाव्या बाजूला एकावर एक अशी चार-पाच जनावरं दिसतायत, शिंगं वर वळलेली, तोंडं सगळी एकाच दिशेला. त्या गाई आहेत. त्यांच्या पुढे एक माणूस उभा, डाव्या हातात गोल ढाल, उजवा हात वर उचललेला, तलवारीचं पातं झिजलंय पण मूठ अजून कळते. समोर दोघे जण, एक बहुतेक धनुष्य ताणून उभा आहे, आणि पायाशी एक आडवा पडलेला. हा पडलेला माणूस म्हणजे शत्रू असेल किंवा तोच वीर मेल्यानंतरचा दुसऱ्यांदा दाखवलेला असेल, दोन्ही पद्धती सापडतात, प्रत्यक्ष दगडावर केसांची आणि कमरेच्या वस्त्राची ठेवण जुळते का ते बघितल्यावर ठरवता येईल. पण गोष्ट स्पष्ट आहे: कुणीतरी गावाची जनावरं वळवून न्यायला आलं आणि हा माणूस आडवा गेला आणि त्यात मेला.

माणदेशात याचा अर्थ काय ते मी तुम्हाला सांगायला नको. पाऊस नाही, शेतीचा भरवसा नाही, जी काही दौलत ती चार पायांवर चालणारी. ती गेली तर गाव बसलं. असले हल्ले त्या काळी दख्खनमध्ये नेहमीचे होते आणि गाईंसाठी मेलेल्यांचे दगड महाराष्ट्र-कर्नाटकात गावोगाव आहेत. काही दगडांवर माणूस वाघाशी झुंजतोय, काहींवर घोडेस्वार आहे आणि त्याच्यावर कुणी छत्र धरलंय, म्हणजे तो जरा मोठ्या हुद्द्याचा. आणि मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर चक्क वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे, शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास जी लढाई झाली तिच्याशी ते दगड जोडले जातात. शहरात राहणाऱ्या लाखो लोकांना ते माहीत नाहीत. तुमच्या जिल्ह्यातच वाई तालुक्यात किकली गावात भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात कितीतरी वीरगळ एकत्र बघायला मिळतात. जमलं तर सरपंचांना आणि दोन तरुण पोरांना घेऊन एका रविवारी तिकडे जाऊन या. मी किती समजावलं तरी जे होत नाही ते दुसऱ्या गावानं मांडून ठेवलेले दगड बघून होतं, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलंय.

मला या दगडांबद्दल एवढी आस्था का, तर त्या काळातलं बाकी सगळं राजांचं आहे. ताम्रपट राजाचा, देऊळ राजाच्या प्रधानाचं, शिलालेखात दान देणाऱ्याच्या सात पिढ्यांची नावं. गाईंमागं धावलेल्या माणसाची नोंद कुठल्याच कागदावर नाही, ती फक्त या एका दगडावर आहे, आणि तीही नावाशिवाय. कर्नाटकात वीरगळांवर लेख बऱ्यापैकी सापडतात, आपल्याकडे बहुतांश दगड बिनलेखाचे. म्हणजे घरच्यांनी किंवा गावानं पाथरवटाला बोलावलं, खर्च केला, दगड उभा केला, आणि तेव्हा नाव कोरायची गरज कुणाला वाटली नाही कारण सगळ्या गावाला माहीत होतं हा कोण ते. ती माहिती पुढं कधीतरी तुटली. काही घरांत देव्हाऱ्यात वीराचा टाक असतो, चांदीचा घोडेस्वार, त्याची पूजा करतात पण हा कोण विचारलं तर "आमचा वीर" एवढंच सांगतात, तोही त्याच नात्यातला.

किती जुने, याचं उत्तर ढोबळच देता येतं. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ शिलाहार, उत्तर चालुक्य आणि यादव काळातले, म्हणजे साधारण १० व्या ते १४ व्या शतकातले. पण प्रथा त्यानंतरही चालू राहिली. वीराच्या डोक्यावर पागोटं आहे का केसांचा अंबाडा बांधलाय, कोरीवकाम खोल आहे का नुसतं उथळ रेघारेघांचं, हत्यारं कुठली, यावरून अंदाज बांधतात. तुमचे पाहून मला अंबाड्याचे दोन आणि नंतरचा वाटणारा एक दिसतोय. म्हणजे सगळे एकाच लढाईतले नसावेत, वेगवेगळ्या पिढ्यांत तिथं दगड उभे राहिले असावेत. एक विनंती, गावात "शिवाजी महाराजांचे मावळे" असं सांगून सुरुवात करू नका. मला माहितीये त्यानं लोक लगेच ऐकतात, पण बहुतेक दगड त्याच्या कितीतरी शतकं आधीचे आहेत, आणि एकदा चुकीचा बोर्ड लागला की तो काढायला गेलेल्याला गाव शत्रू समजतं.

सतीशिळेबद्दल वेगळं लिहितो कारण तिथं जपून राहावं लागतं. तुमच्या पाचव्या फोटोत कोपरात काटकोनात वाकलेला हात आहे, मनगटापासून बांगड्या भरलेल्या, तळवा समोर, वर चंद्र-सूर्य. ही सतीची खूण. बांगड्या म्हणजे तिचं सौभाग्य अखंड राहिलं असं सांगायचं होतं. ज्या बाईचा हा हात तिचंही नाव नाही, वय नाही, तिला विचारलं होतं का तेही दगड सांगत नाही. हा दगड सांभाळायचाच, फोडायचा किंवा लपवायचा नाही, पण त्याचा उत्सव करायचा नाही. सतीचं उदात्तीकरण करायला १९८७ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी माझं म्हणणं हेच असतं. बोर्डवर "सतीमातेचं स्थान" असं लिहू नका, "सतीशिळा, पतीच्या मृत्यूनंतर जाळल्या गेलेल्या स्त्रीचं स्मारक" असं साधं लिहा.

आणखी दोन प्रकार माहीत असू द्या, कारण देवळामागं खणताना सापडू शकतात. गाय आणि तिला पिणारं वासरू कोरलेला दगड म्हणजे धेनुगळ, तो दानाचा दगड, अमुक जमीन दान दिली याची खूण. आणि गधेगाळ, ज्याच्यावर गाढव आणि स्त्री असं चित्र असतं. तो बघून लोक लाजतात, पालथा घालतात, पुरून टाकतात, काही ठिकाणी अपशकुनी म्हणून फोडलाय. तो खरं तर दानपत्राचा शेवट आहे: हे दान जो मोडेल त्याला अशी शिवी. चित्र ओंगळ आहे आणि शापात बाईलाच ओढलंय हे खरंच आहे, पण अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही जमिनीला हात लावायची भीती वाटावी म्हणून ते कोरलं जायचं. अलिबागजवळ अक्षीचा जो शिलालेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक मानतात, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ असा ज्याचा काळ साधारणपणे सांगितला जातो, तो गधेगाळच आहे. तेव्हा असा दगड निघाला तर पोरांना हसू देऊ नका आणि म्हाताऱ्यांना पुरू देऊ नका.

आता कामाचं. जेसीबी यायच्या आधी सगळ्यात पहिलं काम नोंद, अर्ज नंतर. दगड उद्या फुटला तरी नोंद राहते, आणि अर्जाला जोडायला तीच लागते. प्रत्येक दगडाला नंबर द्या, पण दगडावर लिहू नका, खडूनं पण नाही, कागदावर नंबर लिहून शेजारी ठेवा आणि फोटो काढा. शेजारी मोजपट्टी उभी धरा. चारी बाजूंनी फोटो, मागची बाजूही, कारण काही दगड चारी अंगांनी कोरलेले असतात. दुपारच्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं, सकाळी सातला किंवा संध्याकाळी सूर्य कलल्यावर काढा, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे रात्री एकानं मोबाईलचा टॉर्च दगडाच्या अगदी कडेला चिकटवून तिरपा धरायचा आणि दुसऱ्यानं समोरून फोटो काढायचा, दिवसा जे दिसत नाही ते उठून येतं, मी तर आता झिजलेल्या दगडांचे फोटो रात्रीच काढतो. पिठानं, पावडरीनं किंवा खडूनं अक्षरं भरू नका. पाण्यानं साधं धुतलं तर चालेल, ब्रश मऊ, तारेचा नाही, ॲसिड तर अजिबात नाही.

लिहून काय ठेवायचं: उंची-रुंदी-जाडी, तोंड कुठल्या दिशेला, उभा का पडलेला, देवळापासून किती पावलं, खालपासून वर प्रत्येक टप्प्यात काय, गावात त्याला काय म्हणतात, कोण पूजा करतं, कुठल्या दिवशी. शेवटचे तीन मुद्दे लोक सोडतात आणि मला तेच सगळ्यात मोलाचे वाटतात. गावोगाव या दगडांना म्हसोबा म्हणतात, वेताळ म्हणतात, पांडव म्हणतात, कुठं नुसतं "वीर". एका गावात एक धनगर आजी मला म्हणाल्या, "त्यो आमच्या मेंढरांचा राखणदार हाय, पाऊस लांबला की त्याला पानी घालतो." त्या दगडावर खालच्या टप्प्यात जनावरांचा कळप होता आणि आजींनी तो कधी निरखून बघितलेला नव्हता, शेंदराखाली झाकला गेला होता. कुणी सांगितलं नसताना राखणदार ही आठवण तेवढी टिकलेली. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या चार जणांकडे, त्यात बायका हव्यातच, जाऊन बसा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा.

हलवायचेत का? माझं मत, शक्य तोवर हलवू नका. वीरगळ बहुतेक वेळा वेशीपाशी, जुन्या वाटेवर किंवा देवळाच्या आवारात असतो आणि ती जागा हीसुद्धा माहिती आहे. रस्त्याची आखणी दोन-तीन फूट सरकत असेल तर आधी तेवढं मागा, उपअभियंत्याला भेटून जागेवर दाखवलं तर बऱ्याचदा जमतं, कागदोपत्री भांडत बसण्यापेक्षा लवकर जमतं. नाहीच जमलं तर त्याच आवारात, मारुतीच्या देवळाच्या दुसऱ्या अंगाला हलवा. ओढ्याच्या कडेला नको, पहिल्या पुरात गाळात जातील.

हलवताना वजनाचा अंदाज ठेवा. आपला काळा बेसाल्ट घनफुटाला सुमारे ८० किलो भरतो, म्हणजे पाच फूट उंच, दीड फूट रुंद आणि पाऊण फूट जाडीचा दगड साडेचारशे किलोच्या पुढं जातो. चार पोरांनी पहारीनं तो हलवायचा नाही, बोटं जातील आणि दगडाचे कोपरेही. शिवाय उभ्या वीरगळाचा खालचा बराच भाग जमिनीत असतो, तो न कोरलेला खुंट दगड उभा राहायलाच ठेवलेला असतो. जेसीबीनं वरून साखळी घालून ओढलं की दगड नेमका जमिनीच्या पातळीला, कोरीवकामाच्या खालच्या टप्प्यातच मोडतो. म्हणून आधी भोवतीनं हातानं उकरून खुंट मोकळा करायचा, मग रुंद नायलॉनचे पट्टे दोन ठिकाणी घालून उचलायचा, साखळी नाही, तारेचा दोर नाही. ट्रॉलीत वाळू किंवा जुने टायर टाकून पाठीवर झोपवायचा, कोरलेली बाजू वर. उकरताना मातीत काही सापडलं, खापरं, नाणी, दुसरा दगड, तर तिथंच थांबून फोटो काढायचा आणि तहसीलदारांना कळवायचं.

आणि उभा करताना एक काळजी, ही फार महत्त्वाची. उत्साहानं सिमेंटचा चौथरा बांधतात आणि दगड गुडघाभर सिमेंटमध्ये रोवतात. त्यात खालचा टप्पा जातो. म्हणजे गाई जातात, लढाई जाते, माणूस कसा मेला ते सगळं जातं आणि वर फक्त देवपूजा शिल्लक राहते. चांगल्या हेतूनं झालेलं हे नुकसान मी जेवढं पाहिलंय तेवढं चोरीनं झालेलं पाहिलेलं नाही. फक्त न कोरलेला खुंट जमिनीत जाईल एवढाच खड्डा, तळाला आणि भोवतीनं मुरूम-दगड ठोकून घट्ट बसवायचा, लागलं तर चुन्यात, आणि पाणी साचणार नाही असा उतार. वरून पत्र्याचं छोटं छप्पर असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल, बेसाल्टनं आठशे वर्षं पाऊस सोसलाय.

इथपर्यंतचं एकदा सांगतो म्हणजे गोंधळ नको: आधी नोंद आणि फोटो, मग गावातल्या जुन्या लोकांचं बोलणं, मग रस्त्याची आखणी सरकते का ते बघणं, आणि ते नाहीच झालं तर त्याच आवारात पट्ट्यांनी उचलून खालचा टप्पा उघडा ठेवून उभं करणं.

कागद कुणाकुणाला द्यायचे: ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना, रस्त्याचं काम ज्या खात्याचं त्याच्या उपअभियंत्याला आणि राज्याच्या पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तुमच्या विभागातल्या सहायक संचालकांना. एकच पत्र, सोबत नंबर घातलेले फोटो, पोच घ्यायची. त्यासोबत ग्रामसभेचा ठराव, हे दगड गावाचा ठेवा असून गाव ते जागेवर सांभाळील, असा. ठेकेदाराला फोटोपेक्षा ठराव जास्त कळतो.

खातं उचलून नेईल का, तर बहुधा नाही. महाराष्ट्रात ४० हजारांवर गावं आहेत आणि केंद्राची-राज्याची मिळून संरक्षित स्मारकं काही शेकड्यांत, बिनलेखाचे वीरगळ न्यायला संग्रहालयात जागाच नाही. म्हणजे भीती बाळगू नका आणि फार आशाही नको, राखण गावालाच करायचीये. लेखाचा दगड असेल किंवा दगड धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, तो जिल्ह्याच्या संग्रहालयात गेलेला मला चालतो, पण तेव्हाही मूळ जागेवर लहानसा फलक हवा.

किंमतीबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. १०० वर्षांपेक्षा जुनं दगडी शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, परवान्याशिवाय त्याचा धंदा करता येत नाही, देशाबाहेर पाठवता येत नाही. तरीही लहान दगड फार्महाऊसच्या बागेत शोभेला नेतात. म्हणून फेसबुकवर फोटो टाका पण लोकेशन टाकू नका, गावाचं नावही सुरुवातीला नको, निदान दगड नीट उभे होईपर्यंत.

आता दुसरा प्रश्न, गावाचा. शेंदूर खरवडू नका. अभ्यासाला अडचण होते हे खरं, मलाही वाटतं की खालचं दिसावं, पण ज्या दगडांना शेंदूर लागलाय तेच तर आजवर टिकलेत, ज्यांना नाही ते घराच्या पायरीला, गोठ्याच्या दाव्याला आणि धुण्याला गेले. पूजा करणाऱ्यांना सांगून बघा की शेंदूर, तेल फक्त माथ्याला लावा, पायथ्याला फूल ठेवा. ऑइल पेंट मात्र हात जोडून थांबवा, तो बेसाल्टच्या बारीक कोरीवकामात बसला की निघत नाही.

अजून एक अवघड गोष्ट. दगडाला महत्त्व आलं की प्रत्येक घराणं म्हणतं हा आमचा पूर्वज, प्रत्येक समाज म्हणतो आमचा, आणि त्यावरून भांडणं झालेली आहेत. तुम्ही कुणाच्याच बाजूनं बोलू नका, अभ्यासक म्हणून माझंही नाव त्यात घालू नका. वस्त्रावरून, हत्यारावरून त्या माणसाची जात सांगता येत नाही, जो सांगतो तो ओढूनताणून सांगतो. गावराखण करणारे, गुराखी, शेतकरी, सरदाराचे शिपाई, यांतलं कुणीही असेल. बोर्डवर "गावासाठी लढताना मेलेल्या वीराचं स्मारक, अंदाजे यादव काळ" एवढं पुरतं, सगळं गाव त्यात मावतं. ज्या घराकडे पूजेचा मान आहे तो तसाच राहू द्या.

पटवायचं कसं, तर भाषणानं नाही. शाळेची सातवी-आठवीची पोरं आणा, दगडासमोर बसवा आणि विचारा सगळ्यात खाली काय दिसतंय. पाच मिनिटांत ती गाई मोजायला लागतात, मग तलवार शोधतात, मग हा वर कुठं चाललाय विचारतात. त्याच संध्याकाळी घरोघरी ती गोष्ट जाते. सरपंचांनाही तसंच, "हेरिटेज" वगैरे शब्द नकोत, गाई दाखवा. जनावरं राखलेल्या माणसाला कळत नाही असं मी अजून बघितलं नाही.

राहिला लिहिलेला दगड. तो तुमच्याकडचा सगळ्यात तातडीचा आहे, त्याला कुणालाही घासू देऊ नका आणि वरचे कपडे आजच दुसरीकडे वाळवायला सांगा. तुमच्या भागात लेख मराठीत देवनागरीत असू शकतो, संस्कृत असू शकतो आणि जुन्या कन्नडमध्येही असू शकतो, साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत कन्नड लेख सापडतात, तेव्हा अक्षर ओळखू आलं नाही म्हणून नुसते ओरखडे समजू नका. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडलच्या देवळात शके ९४० चा मराठी लेख आहे, तोही शतकानुशतकं तिथंच होता, येणारे-जाणारे बघत होते, सोलापूरच्या आनंद कुंभारांसारखा गावोगाव हिंडणारा माणूस तिथं पोचला तेव्हा त्याचं वाचन झालं. ठसा घ्यायचा असेल तर ओला कागद, ब्रश आणि शाईनं घेतात, पण ते शिकलेल्या माणसानंच करायचं, तुम्ही प्रयत्न नका करू. रात्री टॉर्च आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून तिरपा धरून प्रत्येक ओळीचे वेगळे फोटो काढा, एक फोटो दुसऱ्यावर थोडा चढला पाहिजे म्हणजे ओळ तुटत नाही, आणि मूळ साईझमध्ये पाठवा, व्हॉट्सॲपवर पाठवलेत तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर अक्षरांच्या कडा जातात. इथे टाकलेत तर मी बघतो, मला वाचता आलं नाही तर पुण्यात डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळात वाचणारे लोक आहेत, त्यांच्यापर्यंत पोचवतो. काम कधी सुरू होतंय ती तारीख आधी कळवा, त्यावर बाकीचं ठरेल.